मोटारीची काटकसर

मोटारीच्या इंधनखर्चावर आमच्या वर्धा जिल्ह्यांत झालेला सर्वांत निर्णायक उपाय जमनालाल बजाज यांच्या नांवावर जमा आहे. १९३६ त महात्माजी सेगांवीं राहावयास गेले, त्या काळांत जमनालालजींच्या फोर्ड गाडीस बैल जुंपले जात, आणि त्या अपूर्व वाहनास लोक विनोदानें ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. ‘ऑक्स’ म्हणजे बैल, आणि मागें फोर्ड! पेट्रोलचा खर्च शून्य. कडबा तेवढा लागे.

गोष्ट हंसण्यासारखी खरी. तथापि तींत यंत्रशास्त्राचा एक धडा आहे. हवेनें भरलेल्या रबरी चाकांची गाडी सपाट सडकेवर ओढावयास फार थोडी शक्ति पुरते, आणि बैलाच्या चालीस वाऱ्याचा विरोध जवळ जवळ नसतोच. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशी ६० किलोमीटरवर तो जेवढा असतो, त्याच्या सव्वादोन पट ९० वर होतो. वर्ध्याहून नागपूर सुमारें पाऊणशें किलोमीटर. तेथें पंचवीस मिनिटें आधीं पोंचण्याचें मोल पेट्रोलच्या पंपावर मोजावें लागतें.

१९४१ त युद्धामुळें पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां लोकांनीं मोटारींच्या पाठीमागें लोखंडी भट्ट्या बसविल्या. लोणारी कोळसा अपुऱ्या हवेंत जाळून जो वायु निघे, त्यावर इंजिन चाले. गाडी सुरू होण्यास वेळ लागे, चढावर दम तुटे, राख काढतां काढतां हांकणारा काळाठिक्कर पडे. शिवाय त्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड हें प्राणघातक विष असे. पेट्रोल मोकळेपणीं मिळूं लागतांच त्या भट्ट्या भंगारांत गेल्या, यांत नवल नाहीं.

हल्लीं हा विषय मध्यम स्थितींतील कुटुंबांत पुन्हां निघूं लागला आहे. पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळलें जातें. इथेनॉलमध्यें लिटरमागें उष्णता सुमारें एकतृतीयांश कमी, म्हणून मिश्रणांतील उष्णता सहासात टक्क्यांनीं घटते. लहान गाडीचा मालक ही तूट भरून काढावयास निघतो, आणि त्याला कोणी तरी पेट्रोलच्या नळीवर बसवावयाचें लोहचुंबक विकतो. अमेरिकेच्या पर्यावरणसंरक्षण खात्यानें अशीं शंभराहून अधिक साधनें तपासलीं. बहुतेकांपासून कांहींएक लाभ दिसला नाहीं. मग ज्यांना गुण आला म्हणतात, त्यांचें काय? चुंबक बसविल्यावर मनुष्य हिशेब ठेवूं लागतो, हिशेब ठेवूं लागला कीं हळू हांकतो, आणि श्रेय चुंबकास देतो. याहून चांगलें काकतालीय न्यायाचें उदाहरण आम्हांस वर्गांत कधीं सांपडलें नव्हतें.

चुंबकानें पैसे जातात, एवढेंच. खरें भय दुसऱ्या उपायांचें आहे. वजन कमी व्हावें म्हणून जादा चाक घरीं ठेवणें, उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणें, चाकांत मर्यादेबाहेर हवा भरणें, हीं कामें ज्या गाडींत बायकामुलें बसतात तिच्यावर करूं नयेत. इंजिन बंद होतांच ब्रेकला मिळणारें साहाय्य एकदोन वेळां पाय दाबल्यावर संपतें, आणि सुकाणूंचें चक्र जड होतें. यांत काटकसरहि नाहीं. हल्लींच्या गाड्यांत उतारावर गिअर कायम ठेवून पाय उचलला, कीं यंत्र पेट्रोल आपणच तोडतें. उलट न्यूट्रलमध्यें इंजिन चालू ठेवण्यापुरतें पेट्रोल जळतच राहतें. इंजिनांत वा सांगाड्यांत मूलभूत फेरफार करण्यास तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आडवें येतें.

उरतात तीं कामें बिनखर्चाचीं. दारापाशीं चिकटविलेल्या पत्रिकेवर हवेचा दाब लिहिलेला असतो. तो चाकें थंड असतां, सकाळीं, पंधरवड्यांतून एकदां पाहावा. छपरावरची रिकामी जाळी काढून ठेवावी. फाटकापाशीं इंजिन बंद करावें. आणि उपायाची परीक्षा घ्यावयाची, तर पंपाचा नळ आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरून किलोमीटरचा आंकडा वहींत टिपावा, पुढच्या वेळीं त्याच पंपावर तशीच भरावी, आणि मधल्या किलोमीटरांस नव्यानें भरलेल्या लिटरांनीं भागावें. एका वेळचा आंकडा फसवितो. चार वेळांची सरासरी घ्यावी. हें गणित घरांतील सातवींतल्या मुलाकडे सोंपवण्यास हरकत नाहीं.