दीड इंच की दोन इंच?

आपल्याकडे पोहण्याचा तलाव म्हणजे बहुधा नगरपालिकेचा, एखाद्या कॉलेजचा किंवा क्लबाचा. अमेरिकेत मात्र, विशेषतः कॅलिफोर्निया, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत, घराच्या परसात स्वतःचा छोटा तलाव असणे ही नवलाची गोष्ट नाही. असा तलाव बांधताना फरशी कोणत्या रंगाची, पायऱ्या कोठे, यावर घरातील मंडळी पुष्कळ चर्चा करतात. जमिनीत गाडल्या जाणाऱ्या पाइपाचा व्यास किती असावा, हा प्रश्न मात्र सहसा मागे पडतो. दीड इंची आणि दोन इंची पाइपांत फरक तो केवढा? अवघा अर्धा इंच! पण या अर्ध्या इंचावर विजेचे बिल, पंपाचे आयुष्य आणि प्रसंगी पोहणाऱ्या मुलाचा जीवही अवलंबून असतो. ते कसे, हे आपण शाळेतल्याच गणिताने पाहू या.

पाण्याची फेरी

तलावातले पाणी रोज बदलणे परवडत नाही. म्हणून तेच पाणी पुनःपुन्हा गाळून वापरतात. तलावाच्या तळाशी जाळी बसवलेले एक तोंड असते. पृष्ठभागावरची पाने व कचरा ओढून घेणारे दुसरे तोंड काठालगत असते. तेथून पाणी ओढीच्या पाइपाने पंपाकडे येते. पंप ते गाळणीतून ढकलतो आणि परतीच्या पाइपाने ते पुन्हा तलावात जाते.

आपला तलाव १० मीटर लांब, ४.८ मीटर रुंद आणि सरासरी १.५ मीटर खोल आहे असे धरू. त्यात ७२ घनमीटर, म्हणजे ७२,००० लिटर पाणी मावेल. हे सारे पाणी ६ तासांत एकदा गाळून निघावे असे ठरवले, तर तासाला १२,००० लिटर, म्हणजेच सेकंदाला सुमारे ३.३ लिटर पाणी पाइपातून गेले पाहिजे.

आता प्रवाहाला पाइपाच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की पाण्याचा वेग मिळतो. 'दीड इंची' हे पाइपाचे नुसते नाव होय. तिकडे नेहमी वापरल्या जाणाऱ्या दीड इंची पीव्हीसी पाइपाचा आतला व्यास सुमारे ४१ मिलिमीटर असतो, आणि दोन इंचीचा सुमारे ५२.५ मिलिमीटर. हिशेब करून पहा: पहिल्यात पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २.५ मीटर येतो, तर दुसऱ्यात सुमारे १.५ मीटर.

पाचव्या घाताची करामत

पाइपातून वाहणाऱ्या पाण्याला घर्षणामुळे विरोध होतो आणि त्याचा दाब वाटेत कमी कमी होत जातो. जर्मनीचे वाइसबाख आणि फ्रान्सचे डार्सी या दोन अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या विषयाचा पाया घातला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की दाबातील हा तोटा पाइपाच्या लांबीच्या व वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात, आणि व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

पण प्रवाह तेवढाच ठेवला तर वेग स्वतःच व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून वेगाचा वर्ग व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात जाणार. त्यात नियमातला आणखी एक व्यास मिळवा. एकूण तोटा व्यासाच्या चक्क पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात येतो! व्यास दुप्पट केला तर तोटा निम्मा नव्हे, एक-बत्तिसांश होतो. (घर्षणाचा गुणांकही किंचित बदलतो, त्यामुळे प्रत्यक्षात पाचापेक्षा थोडासा लहान घात येतो.)

जाण्यायेण्याचा मिळून ४० मीटर पाइप आहे असे समजू. दीड इंची पाइपात हा तोटा सुमारे ६ मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका येतो. म्हणजे पाणी तलावातून निघून तलावातच येते, एक इंचही वर चढत नाही, तरी पंपाला ते दोन मजले चढवण्याइतके कष्ट पडतात. दोन इंची पाइपात हाच तोटा पावणेदोन मीटरच्या आसपास असतो. शिवाय दोन इंची पाइपातला प्रत्येक काटकोनी बेंड हा दीड-दोन मीटर सरळ पाइपाइतका विरोध करतो, हेही विसरून चालणार नाही.

विजेचा हिशेब

६ मीटरचा तोटा भरून काढायला सुमारे १९६ वॉट, तर पावणेदोन मीटरचा भरून काढायला सुमारे ५७ वॉट शक्ती लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर प्रत्यक्ष वीज अनुक्रमे सुमारे ४९० व १४० वॉट लागेल. रोज ६ तास पंप चालला तर दिवसाला दोन युनिटांहून अधिक, म्हणजे वर्षाला साडेसातशेच्या आसपास युनिटे वाचतील. अर्थात पाइप मोठा केला की पंपही त्या मानाने लहान निवडला पाहिजे. जुनाच दांडगा पंप ठेवला तर तो नुसते जास्त पाणी फिरवील आणि वीज वाचणार नाही.

मग अडीच किंवा तीन इंची पाइप का नको? अडीच इंचीत तोटा पाऊण मीटरवर येतो. पहिल्या अर्ध्या इंचाने सव्वाचार मीटर वाचवले, पुढच्या अर्ध्या इंचाने फक्त एक. पाइप, बेंड व व्हॉल्व्ह यांची किंमत मात्र वाढतच जाते. म्हणून कोठेतरी थांबावे लागते.

पाणी सावकाश फिरवणे हा आणखी एक मार्ग आहे. वेग निम्मा केला की तोटा चौथाई होतो. पंप दुप्पट वेळ चालवावा लागला तरी घर्षणावर खर्च होणारी ऊर्जा चौथाईच राहते. अमेरिकेत २०२१ साली तलावांच्या पंपांसाठी कार्यक्षमतेचे देशव्यापी नियम लागू झाले. तेव्हापासून वेग कमीजास्त करता येणारे पंप तेथे अधिकच पुढे आले.

ओढीची बाजू नाजूक

'पंप पाणी ओढतो' असे आपण म्हणतो, पण खरे तर पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. हवेचा हा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. त्याहून जास्त ढकलणे तिला शक्य नाही. ओढीचा पाइप अरुंद असला तर यातला बराच दाब वाटेतच खर्च होतो. पंपाच्या तोंडाशी दाब फार उतरला की पाणी थंड असूनही त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पंपात फुटतात. तेव्हा आत खडी भरल्यासारखा आवाज येतो व पंपाची पाती झिजतात. म्हणून जाणकार प्लंबर ओढीचा पाइप परतीच्या पाइपापेक्षा मोठा घेतात. अमेरिकेतला प्रघात असा, की ओढीकडे वेग सेकंदाला ६ फूट, म्हणजे १.८ मीटर, आणि परतीकडे ८ फूट, म्हणजे २.४ मीटर यांच्या आत ठेवावा. आपला दीड इंची पाइप दोन्हींकडे नापास होतो!

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. तळाच्या २० सेंटीमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर असते. ते एखाद्याच्या अंगाने पूर्ण झाकले गेले आणि आतला दाब हवेच्या निम्म्याने जरी उतरला, तरी सुमारे १६० किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने तो तेथे चिकटून बसेल. मोठ्या माणसालाही तेथून सुटणे कठीण. २००२ साली व्हर्जिनिया राज्यात ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या कुंडात अशीच अडकून मरण पावली. तिच्या नावाचा कायदा अमेरिकेत २००७ साली झाला. त्यामुळे सार्वजनिक तलावांतल्या अशा तोंडांवर अंग अडकणार नाही अशी जाळी बसवणे सक्तीचे झाले.

एकाऐवजी दोन तोंडे, निदान तीन फूट अंतरावर, एकाच पाइपाला जोडणे हा दुसरा उपाय आहे. एक झाकले गेले तरी दुसऱ्यातून पाणी येत राहते आणि ओढ वाढत नाही. पण त्यासाठी प्रत्येक शाखा एकटीने सगळे पाणी नेऊ शकेल एवढी रुंद हवी. आपल्या तलावात दोन इंची शाखा हे काम वेगाच्या मर्यादेत राहून करील, दीड इंची करू शकणार नाही.

करून पहा

सारख्या लांबीच्या, साधारण दोन मीटरच्या, दोन पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या घ्या. एकीचा आतला व्यास दुसरीच्या दुप्पट असावा. स्टुलावरच्या बादलीतून दोन्हींनी वक्रनलिकेप्रमाणे पाणी खाली उतरवा. दोन्ही वेळी बादलीतली पातळी व नळीचे खालचे टोक सारख्याच उंचीवर ठेवा आणि एक लिटर पाणी भरायला लागणारा वेळ घड्याळाने मोजा. छेदाचे क्षेत्रफळ चौपट, म्हणून पाणीही चौपट येईल असा तुमचा अंदाज असेल. प्रत्यक्षात किती पट येते ते वहीत लिहा, आणि ते चौपटीहून जास्त का आले याचे कारण वर्गात सांगा.