डुगडुग ठेवा, कर्कश गाळा

सिंगल सिलिंडरची 350 सीसी क्रूझर, समजा रॉयल एनफील्डची मीटिऑर, सिग्नलला उभी आहे. इंजिन मिनिटाला हजारेक फेरे घेतंय. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांमागे एकच स्फोट, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ. सेकंदाला साधारण वीसच्या आत असलेले ठोके आपल्या कानाला सुटे ऐकू येतात, त्याहून जास्त झाले की एकमेकांत मिसळतात. म्हणून 2400 फेऱ्यांच्या आसपास डुगडुग विरते आणि घुमणं सुरू होतं. ही हद्द कानाची आहे. बाजारातला कुठलाच सायलेन्सर ती हलवू शकत नाही.

हार्ले-डेव्हिडसनची ती प्रसिद्ध लंगडी चालही अशीच इंजिनाच्या पोटातली. दोन सिलिंडर 45 अंशांवर, दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनला; त्यामुळे एक स्फोट 315 अंशांनी होतो, तर पुढचा 405 अंशांनी. कंपनीने 1994 साली या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता! 2000 मध्ये अर्ज मागे घेतला.

मग इंजिनातून निघणारा बेंड पाइप तसाच ठेवून मागे नवा स्लिप-ऑन सायलेन्सर सरकवला, क्लॅम्प आवळला, तर बदलतं काय? ताल इंजिनाचा, सायलेन्सरच्या हाती फक्त सूर.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून सुटते. आतला वायू सहाशे अंशांपर्यंत तापलेला असेल तर ती सेकंदाला 590 मीटरच्या आसपास पळते. साध्या हवेत आवाजाचा वेग 343. पाइप जिथे मोकळा होतो तिथे तिचा काही भाग उलटा फिरतो, आणि गंमत अशी की दाब म्हणून गेलेली लाट ओढ म्हणून परत येते. दीड मीटर लांबीत जाऊन यायला तिला पाच मिलिसेकंद पुरतात. 4000 आरपीएमला तेवढ्यात क्रँकचा एक-तृतीयांश फेरा होतो. व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो, आणि ही ओढ सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचायला मदत करते. मोकळ्या पाइपातून निघणारा नुसता धूर, पण त्याचंही केवढं वेळापत्रक! यात बेंड पाइपच्या लांबीचा वाटा मोठा, म्हणून ‘स्लिप-ऑन टाका, पॉवर वाढेल’ हे दुकानदाराचं वाक्य मी तरी कानाआड करतो.

खरी करामत डब्याच्या आत. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये बहुधा कप्पे असतात. लाटा त्यांत आपटून उलट्या येतात आणि एकमेकींनाच मारतात. स्वस्त स्लिप-ऑनमध्ये सहसा भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती ग्लासवूल. आवाज भोकांतून लोकरीत शिरतो, हवा तंतूंना घासते, आवाजाची उष्णता होते. ही लोकर बारीक, कर्कश सूर छान खाते, खर्जातल्या ठोक्यांना मात्र फारसा हात लावत नाही. थोडक्यात, ‘भारी’ आवाज सायलेन्सर तयार करत नाही. वरचे सूर गाळले की तो मागे उरतो.

त्यामुळे दोन-तीन हजारांचा स्लिप-ऑन घ्यायचा तर क्रोमची चकाकी बघू नका, मागून टॉर्च मारा. आतल्या नळीची भोकं दाट आहेत का? नळी आणि बाहेरचा पत्रा यांत लोकरीला जागा किती? बोटभर जागेत कोंबलेली लोकर काही महिन्यांत उडते आणि मग डबा पत्र्यासारखा वाजतो. आतला भाग स्क्रूने उघडून लोकर पुन्हा भरता येत असेल तर तो डबा थोडा महाग पडला तरी घ्या. बेंड पाइपचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून न्या. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ यावर जाऊ नका. बीएस-6 गाडी असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे आहे ते आधी विचारा. तो जुन्या डब्यातच असला तर डब्याबरोबर त्याची प्लॅटिनम-पॅलेडियमची जाळीही जाते आणि धूर बेकायदा होतो. डीबी किलर, म्हणजे सायलेन्सरच्या तोंडाशी आवाज दाबणारा तुकडा, काढायचा मोह आवरा: मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) आवाजालाही लागतं, पहिल्याच खेपेला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

बसवून झाल्यावर गॅस सोडताना फटफट फटाके वाजले तर पोरं खूश होतात. बरेचदा ती सांध्यातली गळती असते: बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटतं. गाडी थंड असताना सांध्यावर साबणाचं पाणी लावा आणि स्टार्ट करा. बुडबुडे आले तर गॅस्केट बदला, क्लॅम्प पुन्हा आवळा. आणि पहिल्या लांबच्या फेरीनंतर धातू तापून निवला की आणखी एकदा.