चिमणी अधिक, साळुंकी उणे

आमच्या घरात करंजीचा साइज पक्ष्यांत मोजतात. हसू नका! आजीची करंजी म्हणजे 'बुलबुल', आईची 'चिमणी अधिक' आणि दुकानातून आणलेली पाकिटातली 'चिमणी उणे'. दादाचं लग्न ठरलं तेव्हा वहिनीच्या उंचीबद्दल आत्यानं फोनवर रिपोर्ट दिला होता, "बगळा नाही गं, पण साळुंकीच्या वर नक्की." वहिनीला हा फंडा पहिल्या दिवाळीत कळला. त्यानंतर दोन दिवस ती आत्याशी बोलत नव्हती.

हे सगळं झालं एका पुस्तकामुळे. सलीम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स'. पहिली आवृत्ती १९४१ ची. आमची प्रत बरीच नंतरची, आजोबांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, १९६८ मध्ये घेतलेली. या पुस्तकात पक्ष्याचा आकार सांगण्याची पद्धत जाम सोपी आहे. चिमणीएवढा, बुलबुलएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. त्याहून जरा मोठा असेल तर अधिकची खूण, लहान असेल तर उण्याची. झुडपात काहीतरी हललं की तुम्ही फूटपट्टी घेऊन थोडेच धावणार? पण 'बुलबुलापेक्षा लहान होता बुवा' एवढं कुणीही सांगू शकतं. शाळकरी पोरगाही.

अण्णा बँकेत क्लार्क होते. इंग्रजी कामापुरतं. त्यामुळे पुस्तकाच्या समासात त्यांनी पेन्सिलनं मराठी नावं लिहून ठेवलीत. 'क्रो-फेझंट'च्या शेजारी 'भारद्वाज' आणि खाली बारीक अक्षरात 'कुकुडकोंबा', वाडीत शिंपणं करायला येणारे लोक म्हणायचे तसं. आता नव्या पुस्तकांत तोच पक्षी 'ग्रेटर कौकल' झालाय. अण्णांच्या समासात मात्र तो अजून कुकुडकोंबाच आहे.

वाडी नागावची, अलिबागच्या दक्षिणेला. नारळ, सुपारी, मागे विहीर आणि पुढे कौलारू घर. दिवाळीला सगळ्यांनी तिथे जमायचं हा अण्णांचा नियम. गेटवेहून लाँच, मांडव्याला उतरून बस. (२०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे. गाडीसकट जाता येतं, पण बाबांना अजून लाँचच लागते.) दिवाळी उशिरा असली तर लाँचच्या मागे कुरवांचा थवा लागतो. लोक त्यांना चिप्स आणि गाठिया टाकतात, फोटो काढतात. प्लीज, नका टाकू. लांबून उडत येतात बिचारे, ते काय तुमचे मसाला चिप्स खायला?

बस चोंढीपाशी आली की बाबा दरवर्षी खिडकीतून बोट दाखवतात. "उजवीकडे किहीम. सलीम अलींचं." आम्ही दरवर्षी 'हो बाबा' म्हणतो. पण ही गोष्ट खरंच सॉलिड आहे. जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून १९३० मध्ये सलीम अली परत आले, तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची जागाच उरली नव्हती. आजच्या भाषेत ले-ऑफ! बायको तेहमिनाबरोबर ते किहीमला राहायला गेले आणि त्या पावसाळ्यात समोरच्या झाडावरच्या सुगरणींकडे बघत बसले. बघता बघता त्यांनी त्या संसाराची सगळी भानगड शोधून काढली. नर घरटं अर्ध्यावर आणून थांबतो. मादी येऊन आत-बाहेर करून तपासते. पसंत पडलं तर नर ते पूर्ण करतो, नाही पडलं तर तसंच लटकत राहतं. आणि एक मादी अंडी घालून बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी! सॅम्पल फ्लॅट बघायला जाते तेव्हा मला हटकून ही गोष्ट आठवते.

तर आमची परंपरा. नरक चतुर्दशीची पहाट. उटणं, अभ्यंगस्नान, तुळशीपाशी डाव्या अंगठ्यानं कारीट फोडून त्याचा कडूजहर थेंब जिभेला. मग पोहे. दडपे, फोडणीचे, दूधगुळाचे, तीन प्रकार तरी हवेतच. ताटल्या घेऊन सगळ्यांनी मागच्या पडवीत बसायचं, मधोमध पुस्तक. एक तास. जो पक्षी दिसेल त्याच्या पानावर त्या सालाचा आकडा टाकायचा. पेन्सिलनंच. आणि दोघांनी पाहिल्याशिवाय नोंद नाही. हा नियम काकामुळे आला. १९७१ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, त्याला म्हणे शेजारच्या विहिरीवर मोर दिसला होता. फक्त त्यालाच. मोराच्या पानावर तो आकडा आहे आणि त्यावर अण्णांची काटही आहे. काका अजून चिडतो.

मी कॉलेजला असताना हे सगळं मला बोअर व्हायचं. मित्र गोव्याला, आणि मी पहाटे केस ओले घेऊन तांबट मोजतेय! नोकरी लागल्यावर उलटं झालं. वर्षभर एक्सेल शीट भरून झाल्यावर ही एकच यादी अशी वाटायला लागली, की जिच्यावरून कुणी माझं अप्रेझल करणार नाही.

या यादीत एक मोठी चूक आहे, हे बाबांनी फार उशिरा सांगितलं. पक्षी सूर्याच्या हिशेबानं येतात-जातात आणि आपली दिवाळी चंद्राच्या. ती कधी ऑक्टोबरच्या मध्याला, कधी थेट नोव्हेंबरात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, दिवाळी लांबली, आणि नरक चतुर्दशी-लक्ष्मीपूजन एकाच दिवशी पडलं, १२ नोव्हेंबरला. सलीम अलींचा वाढदिवस! त्या वर्षी हिवाळी पाहुणे भरपूर दिसले. म्हणून पक्षी वाढले म्हणायचं का? नाही. आम्ही फक्त उशिरा पोचलो होतो.

पण पुस्तकातल्या एका गॅपला हे कारण चालत नाही.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. लॉकडाउनमुळे आम्ही सगळे मुंबईत अडकलेले, फोन बंद. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी पाठवलेले फोटो आले. घराची अर्धी कौलं उडालेली. सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून एकावर एक. नारळांचे शेंडे गेलेले, नुसते खांब उभे. जिथे दुपारीही दिवा लावावासा वाटायचा, तिथे लख्ख ऊन. त्या दिवाळीला विजेच्या तारेवर ओळीनं वेडे राघू बसलेले दिसले, छान उघड्यावर. बिनशेंड्याच्या नारळात पोपटांनी बिळं केली होती. पण दाट सावलीत राहणारे गेले. स्वर्गीय नर्तकाच्या पानावर २०१६, २०१७, २०१८, २०१९, आणि पुढे काही नाही. अण्णांच्या वेळेपासून जवळजवळ दर दिवाळीला तो यायचा, विहिरीमागच्या सुपाऱ्यांत.

२०२३ च्या त्या दिवाळीत पोहे संपल्यावर काकानं विषय काढला. मुंबईच्या एका माणसाला जागा हवी होती, बंगल्यासाठी. भाव ऐकून आत्यानं ताटली खाली ठेवली. काकाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. उत्पन्न शून्य, नारळ पाडायला माणूस मिळत नाही, नवी रोपं धरायला सहा-सात वर्षं, आणि त्याच्या मुलीची फी समोर उभी. बाबा काहीच बोलले नाहीत. आणि मी? खरं सांगते, मी मनातल्या मनात ठाण्याच्या टू बीएचकेचे किती हप्ते फिटतील याचा हिशेब करत होते. पुस्तक मांडीवर उघडं होतं आणि मी भागाकार करत होते. माझ्याकडे बघून बाबांनी विचारलं, "तुझं काय मत?" मी म्हटलं, "तुम्ही ठरवाल ते." याहून भ्याड उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

शेवटी २०२४ मध्ये रस्त्याकडचा तिसरा हिस्सा, काकाचा, विकला गेला. घर आणि विहिरीकडची बाजू बाबा आणि आत्यानं ठेवली. आता मधे कंपाउंडची भिंत आहे आणि पलीकडे रात्रभर फ्लडलाइट. काका मात्र दिवाळीला येतो. पहिल्या वर्षी जरा अवघडून आला, आत्यानं करंजी पुढे केली आणि विचारलं, "साइज?" काका म्हणाला, "बुलबुल उणे." झालं, मिटलं.

बाबांनी विहिरीमागे सुपारीची रोपं लावलीत, सावलीला मधे केळी. माझे वीकेण्ड आता महिन्यातून एकदा तिथे जातात. हप्ते चालू आहेतच.

२०२५ ची नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरला होती. लाँचमागे कुरव नव्हते. पडवीत आम्ही नऊ जण. बाबांना मोतीबिंदू, ऑपरेशन पुढच्या महिन्यात, त्यामुळे ते नुसते कान लावून बसलेले. दादाचा मुलगा, सात वर्षांचा, केळींपाशी गेला होता. धावत आला. "आत्तू, पांढऱ्या रिबनवाला! एवढी मोठी शेपटी!" आम्ही सगळे उठलो, पोहे सांडले. केळीचं पान हलत होतं, बाकी काही नाही.

"मी खरंच बघितला," तो रडवेला झाला. "बुलबुलएवढा. शेपटी सोडून."

"दोघांनी पाहायला हवा रे," आत्या म्हणाली.

बाबा म्हणाले, "मी ऐकला. मघाशीच. घशातून काढलेला तो खरखरीत आवाज. मला वाटलं भास असेल."

मग वाद. एकानं पाहिला, एकानं ऐकला, चालेल का? आत्या म्हणे नियम म्हणजे नियम. वहिनी म्हणे कान काय साक्षीदार नसतात? वीसेक मिनिटं चाललं. काका गप्प होता. त्यानं पुस्तक ओढून घेतलं, पान उघडलं, २०१९ च्या खाली पेन्सिलनं २०२५ लिहिलं आणि पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं. मग दोन पानं चाळून मोर काढला.

"आता याच्यावरची काट पण खोडा," तो म्हणाला.

"मुळीच नाही," बाबा म्हणाले.