व्यवसाय-व्यवस्थापनाच्या आज्ञावल्या आणि मराठी सामान्यरूप

पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव आता खारघरच्या वस्तीत जवळजवळ मिसळून गेले आहे. रोमी लिपीत त्याचे नाव इंग्रजीतील ‘देणे असणे’ या अर्थाच्या क्रियापदासारखे लिहिले जाते. ग्राहकांच्या खात्यात तो योगायोग मोठा गमतीचा दिसतो. तेथील एका व्यापाऱ्याला संगणकाने धाडलेली सूचना मध्यंतरी माझ्या पाहण्यात आली : ‘आपली पावती ओवेला पाठविले आहे.’ एवढ्या लहान वाक्यात दोन दोष आहेत, आणि दोन्ही एकाच समजुतीतून उद्भवले आहेत. ती समजूत अशी की, वाक्याचा साचा आधी तयार करावा आणि रिकाम्या जागी नामे बसवीत जावे.

इंग्रजीत हे बव्हंशी निभते, कारण तेथे नामाचे रूप शब्दयोगी अव्ययामुळे पालटत नाही. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ठाणे, वेंगुर्ले यांप्रमाणे ओवे या नामाचेही ‘ओव्याला’, ‘ओव्याहून’ असे व्हावयास हवे. मग शेवटचे अक्षर पाहून रूप बदलणारा नियमच आज्ञावलीत का घालू नये, असे कोणी विचारील. तो टिकत नाही. ‘आग्रा’ व ‘अमेरिका’ ही दोन्ही आकारान्त. परंतु माल आग्र्याला जातो आणि अमेरिकेला जातो, कारण येथे लिंगाचा प्रश्न येतो. ‘खरे’ आडनावाच्या ग्राहकास हाच नियम लावला तर पत्र ‘खऱ्यांना’ जाईल. उलट दिशेने तर वाटच बंद होते : ‘तळोज्याहून’ या रूपावरून मूळ नोंद ‘तळोजे’ होती की ‘तळोजा’, हे कोणत्याही नियमाने सांगता येणार नाही. म्हणून नोंदीत नेहमी मूळ रूपच ठेवावे व शोधही त्याचाच घ्यावा.

व्यवहारातला उपाय आपल्या पत्रलेखनात पूर्वीपासून आहे. ‘श्री. अमुक यांस’ असे लिहिताना आपण नावाला धक्का लावीत नाही. प्रत्यय सर्वनामावर जातो. त्याच न्यायाने ‘ओवे या गावी’, ‘ओवे येथून’ असे साचे करावेत. ते किंचित औपचारिक वाटतात, पण कधी चुकत नाहीत.

दुसरा दोष क्रियापदाच्या अन्वयाचा. बीजक पाठविले, पावती पाठविली, धनादेश पाठविला. तीन लिंगे, तीन रूपे. मुंबईच्या फ्रापे या संस्थेने विकसित केलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत आज्ञावलीत अनुवादासाठी वाक्य अखंड ठेवून त्यात क्रमांकित रिकाम्या जागा ठेवण्याची पद्धत आहे. ती स्तुत्यच होय, कारण अनुवादकास पदांचा क्रम बदलता येतो. मात्र कंसात कोणत्या लिंगाचे नाम येणार हे त्याला कळत नाही. अशा वेळी प्रत्येक कागदपत्रासाठी स्वतंत्र वाक्य लिहावे. ते शक्य नसेल तर अविकारी शब्द योजावेत. फारसी-अरबीच्या द्वारे आलेले ‘जमा’, ‘रद्द’, ‘मंजूर’ हे दप्तरी शब्द येथे फार उपयोगी पडतात. बीजक रद्द, पावती रद्द, धनादेश रद्द : तिन्ही निर्दोष. शुद्धिवाद्यांनी ज्यांना पुष्कळ बोल लावला, ते शब्द संगणकाच्या कामी असे यावेत, ही मौजच.

एक दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि पैशाच्या दृष्टीने तोच अधिक घातक आहे. ‘कऱ्हाड’मधील चंद्रकोरीसारखा रफार युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्ता असलेला ‘ऱ’ व हलन्त, अथवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे जोडणारे अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. यंत्राच्या लेखी ती दोन गावे. एकाच गावची येणी दोन ठिकाणी विभागली जातात आणि बेरीज चुकते. युनिकोडच्या प्रमाण सामान्यीकरणाने या दोन लेखनांचे ऐक्य होत नाही. तो बदल आज्ञावलीकाराने नोंद साठविण्यापूर्वी स्वतःच करावयाचा असतो. जुन्या नोंदी असतील तर आधी त्या एकरूप कराव्यात, आणि मगच ग्राहकांची खाती एकत्र करण्यास हात घालावा.