बिल्ल्यामागील हमी : अमेरिकेतील बंधुभावी साहाय्य-संस्थांच्या बोधचिन्हांचा संग्रह

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सर्वसामान्य कामगार मरण पावल्यास त्याच्या कुटुंबाला आधार देणारी सरकारी सामाजिक विमा योजना नव्हती. ही उणीव काही अंशी बंधुभावी साहाय्य-संस्थांनी भरून काढली. त्यांच्या सदस्यांच्या कोटावरील बिल्ले आज संग्राहकांच्या पेट्यांत आढळतात. हे बिल्ले सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचावेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मीडव्हिल येथे जॉन जॉर्डन अपचर्च यांनी 'एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन' स्थापन केली. ('ऑर्डर'ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही; 'पंथ' म्हटले तर धर्माचा वास येतो.) सदस्य वारला की उरलेल्यांनी प्रत्येकी एक डॉलर द्यावा व जमलेला निधी वारसांना मिळावा, अशी ही योजना होती. बिल्ल्यावरील ढाल व जहाजाचा नांगर हे त्या संरक्षणाचे आणि आशेचे चिन्ह होय. मात्र तरुण व वृद्ध या दोघांची वर्गणी सारखीच होती. सदस्यांचे वय वाढले तसे मृत्यू वाढले, वर्गणीचे हप्ते वाढले आणि तरुण दूर राहू लागले. वयानुसार दर न ठरविणाऱ्या अनेक संस्था बुडाल्या. बिल्ले तेवढे उरले.

१८९० मध्ये जोसेफ कलेन रूट यांनी ओमाहा येथे स्थापलेल्या 'वूडमेन ऑफ द वर्ल्ड'च्या चिन्हांत कुऱ्हाड, मोगरी, पाचर व झाडाचा बुंधा दिसतो. हाच बुंधा सदस्यांच्या थडग्यांवर दगडात कोरलेला आढळतो.

सर्वांत बोलका प्रकार म्हणजे दुतर्फा रिबिनीचा बिल्ला. एका बाजूस मिरवणुकीसाठी रंगीत पट्टी, तर दुसऱ्या बाजूस अंत्ययात्रेसाठी काळी पट्टी व त्यावर रुपेरी अक्षरांत स्मरणाचे शब्द. सदस्य तीच रिबीन उलटून लावीत असे. उत्सव आणि मरण एकाच टाचणीला अडकविणारी ही वस्तू संस्थेचे खरे स्वरूप सांगते, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

सेल्युलॉइडच्या बटणांविषयी सावधगिरी हवी. न्यूअर्क येथील 'व्हाइटहेड अँड होग' या कंपनीच्या बटणांच्या पाठीमागील कागदावर १८९६ हे वर्ष असते. ते पेटंटचे वर्ष आहे, बटण त्याच वर्षी बनले असे नव्हे. सेल्युलॉइड ज्वालाग्राही असते आणि दमटपणाने त्यावर डाग पडतात. धातू घासून चकचकीत करणे तर संग्राहकाची सर्वांत महागडी हौस. त्यात मूळ मुलामाच जातो.

परंतु खरा प्रश्न मालकीचा आहे. बहुतेक संस्थांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यांनी समांतर संस्था उभारल्या. 'नाइट्स ऑफ पायथियस'च्या जॉर्जियातील गौरवर्णीय शाखेने कृष्णवर्णीय संस्थेला नाव व चिन्हे वापरण्यास मनाई मिळावी म्हणून दावा लावला आणि राज्याच्या न्यायालयांत तो जिंकला. १९१२ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, दावा लावण्यास अवाजवी विलंब झाल्याच्या कारणावरून, हा निर्णय फिरविला. त्यामुळे या संस्थेचा बिल्ला कोणाच्या कोटावर होता, हे केवळ चिन्हावरून ठरविता येत नाही. रिबिनीवर बहुधा शाखेचे नाव व गाव छापलेले असते; आणि जीर्ण झाली म्हणून विक्रेते नेमकी तीच काढून टाकतात.