वाडीची एकी मोजता येते का?

बागायतदार बंधूंनो, खत, पाणी व मजुरी यांचा हिशेब आपण ठेवतो. परंतु हाक दिल्यावर किती शेजारी येतील, याची नोंद कोणाच्याच वहीत नसते. समाजशास्त्रज्ञ यास 'सामाजिक भांडवल' म्हणतात.

मालवण किनाऱ्यावरील रापण हे याचे उत्तम उदाहरण होय. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढली जातात. हे एका घराचे काम नव्हे. म्हणून रापणकरांचे संघ असतात व मासळी ठरलेल्या वाट्यांनी वाटली जाते. ओढायला हात लावणाराही रिकाम्या हाताने परतत नाही. वाट्याबद्दल संशय आला, की हात कमी होतात.

माडबागेतही तसेच आहे. गेंड्या भुंगा माडाचा कोवळा कोंब कुरतडतो, त्यामुळे नवीन झावळी पंख्यासारखी कातरलेली बाहेर येते. आपण तारेच्या आकड्याने भुंगे काढतो. मात्र त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात व कुजक्या खोडात वाढतात. शेजाऱ्याचा खड्डा तसाच राहिला तर भुंगा उडून पुन्हा आपल्याच माडावर येतो. खत उपसून अळ्या वेचणे, खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळणे ही कामे साऱ्या वाडीने एकाच वेळी केली तरच उपयोग होतो.

अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थान व मध्य प्रदेशातील ६९ गावांचा अभ्यास केला. त्यावरील पुस्तक २००२ साली निघाले. त्यांचा एक प्रश्न असा होता: साऱ्या गावच्या पिकावर रोग पडला तर तोंड कोण देईल, प्रत्येकजण एकेकटा की गाव मिळून? नुसती एकी पुरत नाही, कचेरी व बाजारापर्यंत गावाचे काम नेणारा जाणता माणूसही लागतो, असे त्यांना आढळले.

आपल्या वाडीत हा प्रश्न जरूर विचारावा. पण तोंडाने एकी सगळेच सांगतात! म्हणून कृती मोजावी. गेल्या हंगामात वनराई बंधाऱ्यासाठी रिकाम्या पोत्यांत माती भरायला किती घरांतून माणूस आला? फवारणी पंप किती घरांत उसना फिरला? कोणत्या घरांना बोलावलेच नाही? मानपानावरून दुरावलेली घरे या शेवटच्या प्रश्नात सापडतात.

मुंबईकरांच्या बंद घरांमागील बागाही यादीत घ्याव्यात. पडलेली खोडे तेथेच कुजत असतात. चतुर्थीला चाकरमानी गावी आले, की खोडे तोडून जाळण्याची परवानगी त्यांच्याकडून घेऊन ठेवावी.