आईवडिलांचे आजारपण आणि अनुदानाचे कागद

दीर्घ आजाराने घरी बसलेल्या आईला किंवा वडिलांना दिव्यांग म्हणून सरकारकडून दरमहा काही मिळेल का, हे आजाराच्या नावावरून ठरत नाही. आजारामुळे शरीराचे कोणते काम किती थांबले, याकडे कायदा पाहतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. अंधत्व, कर्णबधिरता, हातापायांचे दिव्यांगत्व हे त्यातले जुने ओळखीचे प्रकार. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि मानसिक आजार यांनाही या कायद्यात जागा मिळाली. मूत्रपिंड निकामी होणे, हृदयविकार, मधुमेह, कर्करोग ही नावे मात्र यादीत नाहीत. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे वडील कसलेच काम करू शकत नाहीत, तरी त्यांना दिव्यांग प्रमाणपत्र नाही, ही घरच्यांची तक्रार रास्त आहे. मधुमेहाने पाय कापावा लागला किंवा दृष्टी गेली, तर त्या पायाचे आणि त्या दृष्टीचे मोजमाप होते. पक्षाघातालाही यादीत वेगळे नाव नाही. लुळा पडलेला हात-पाय चलनवलनाच्या सदरात मोजतात आणि गेलेली वाचा वाचा-भाषेच्या सदरात.

महाराष्ट्रात या यादीबाहेरच्या काही रुग्णांसाठीही एक वाट आहे, आणि ती पुष्कळ घरांना ठाऊकच नसते. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. तिच्या पात्रतेत दिव्यांगांबरोबर क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे स्त्री-पुरुषही येतात. म्हणजे कर्करोगाच्या रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळाले नाही तरी सरकारी रुग्णालयाच्या आजाराच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. या योजनेत २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाली. हा हजाराचा फरक अर्ज करण्यापूर्वीच लक्षात घ्यायला हवा. पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या आईचा अर्ज दुर्धर आजाराखालीही बसतो आणि दिव्यांग म्हणूनही बसू शकतो. घाईघाईने पहिला रकाना भरला, तर दर महिन्याला हजार रुपये कमी येतात.

वयाची अट १८ ते ६५ आहे. पासष्टीनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना लागू होते आणि दिव्यांगांसाठीची वाढ तिथेही आहे. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतन योजना ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातील व्यक्तींसाठी आहे. तिच्यातून केंद्र ३०० रुपये देते. आजारी आई ‘लाडकी बहीण’ योजनेचे १,५०० रुपये घेत असेल, तर दोन्ही रकमा एकाच वेळी मिळत नाहीत.

खरी अडचण उत्पन्नाची. निराधार योजनेची सर्वसाधारण मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक २१,००० रुपयांची आहे. दिव्यांगांसाठी ती शिथिल केली आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. आठवड्यातून दोन-तीन दिवस मजुरीला जाणारे घरही ही रेषा ओलांडते. कर्करोगाच्या रुग्णाला अनुदान द्यायचे आणि त्याच्या घराने महिन्याला १,७५० रुपयांहून अधिक कमवायचे नाही, ही अट अन्यायकारक आहे आणि ती बदलायला हवी. तोवर उत्पन्नाचा दाखला हाच अर्जातला सर्वांत नाजूक कागद राहणार. अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो.

दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर करायचा असतो. तिथे रुग्णालय निवडावे लागते आणि तपासणी त्या रुग्णालयाने नेमून दिलेल्या दिवशी होते. प्रमाणपत्राबरोबर वैश्विक ओळखपत्र मिळते, ज्याला सगळे ‘युडीआयडी कार्ड’ म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले. त्यानुसार ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्वाला पांढरे, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळे आणि ८० व त्याहून अधिक असेल तर निळे कार्ड दिले जाते. प्रमाणपत्र देण्याची मुदतही या बदलात एक महिन्यावरून तीन महिने झाली. बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. एकदा मिळालेले प्रमाणपत्र देशभर चालते, त्यामुळे आई नाशिकहून मुलाकडे हैदराबादला राहायला गेली तरी नवी तपासणी लागत नाही. अनुदानाच्या योजना मात्र ज्या त्या राज्याच्या असतात.

तपासणीची वेळ निवडण्यात बरीच घरे चुकतात. मज्जासंस्थेच्या आजारांचे मोजमाप आजार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी करावे, असे केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तोवर किती सुधारणा होईल हे कळलेले नसते. पक्षाघातानंतर दुसऱ्याच महिन्यात रुग्णाला गाडीत घालून जिल्हा रुग्णालयात नेण्याने बहुधा हेलपाटाच पडतो. याच तत्त्वांत आणखी एक सूत्र आहे: मोजायचा तो आजार नव्हे, आजाराचा परिणाम. एमआरआयच्या जाड फायलीने टक्के वाढत नाहीत ते यामुळेच.

पार्किन्सनच्या रुग्णांचे या ठिकाणी फार नुकसान होते. लेव्होडोपाची गोळी लागू पडली की माणूस तास-दोन तास बराच मोकळा हिंडतो. तिचा असर उतरला की खुर्चीतून उठायलाही दुसऱ्याचा हात लागतो. सकाळची गोळी घेऊन वडील रांगेत बसतात, नेमके बऱ्या अवस्थेत डॉक्टरांसमोर उभे राहतात, चार पावले नीट चालून दाखवतात आणि ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला पाहुण्याला द्यावे तसे ‘बरं आहे’ म्हणून उत्तर देतात. गोळी चुकवणे हा यावरचा उपाय नाही. त्यात धोका आहे. मुलांनी आधीच्या दोन आठवड्यांची साधी नोंद वहीत ठेवावी: गोळी कधी घेतली, हालचाल कधी बंद झाली, शर्टाची बटणे कोणी लावली, संडासला बसून उठता आले का, एसटीची पायरी चढता आली का, रात्री कुशीवर कोणी वळवले, किती वेळा पडले. उपचार करणाऱ्या न्यूरोलॉजिस्टकडून हेच चढउतार एका पानाच्या पत्रात लिहून घ्यावेत. आईवडिलांना घरीच सांगून ठेवावे की डॉक्टरांना खरे ते सांगायचे. न जमणारी गोष्ट सांगण्यात कमीपणा नाही.

प्रमाणपत्र हाती आले की ते तात्पुरते आहे की कायमचे, हे पाहावे. पुढे फरक पडण्याची शक्यता वाटली तर डॉक्टर मुदत घालतात, आणि तात्पुरते प्रमाणपत्र संपले की त्यावर उभा असलेला लाभही धोक्यात येतो. टक्केवारी मान्य नसेल तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येते. ही तरतूद कायद्यातच आहे, तिच्यासाठी ओळखपाळख लागत नाही.

अनुदानाचा अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रामार्फत जातो. मग चौकशी, तालुका समितीपुढे छाननी आणि मंजुरी. अर्ज अडतो तो बहुधा नावावर. आधारवर ‘पांडुरंग गणपत’, रेशनकार्डावर ‘पांडू गणपती’, बँकेत फक्त आद्याक्षरे, अशी एकाच वडिलांची तीन नावे असली की पुढचे सगळे थांबते. अर्जाआधी आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि युडीआयडी कार्ड शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळवून घ्यावी. अर्ज दिल्यावर तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

मंजुरीनंतरही काम उरतेच. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात, आणि ‘अनुदान बंद झाले’ अशा तक्रारीत पुष्कळदा पैसे दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात. एका माणसाची चार खाती असली तरी आधारवरून येणारी रक्कम सर्वांत शेवटी ज्या बँकेशी आधार जोडले तिथे जाते. मधल्या काळात कुठल्याशा योजनेसाठी नवे खाते उघडले असेल, तर आधी ते तपासावे.

हात थरथरणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या पालकांच्या खात्यातून पैसे काढणे हा वेगळाच ताप असतो. एटीएमचे कार्ड मुलाच्या खिशात, असा तोडगा घरोघरी निघतो; त्याला कायद्याचा आधार नाही आणि भावंडांत संशयही त्यावरूनच सुरू होतो. सही जमत नसेल तर अंगठा, आणि अंगठाही उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेऊन बँकेने पैसे द्यावेत, अशी रिझर्व्ह बँकेची व्यवस्था आहे. त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरी ओलांडलेल्यांना आणि दिव्यांगांना घरपोच बँक सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. शाखेत ‘असे काही नाही’ म्हटले, तर मागणी लेखी द्यावी.

आई किंवा वडील कारखान्यात वा कंपनीत नोकरीला असतील, तर आधी तिकडे पाहावे. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात अशा ३४ दीर्घ आजारांत पुरेशी वर्गणी भरलेली असल्यास ८० टक्के आणि दोन वर्षांपर्यंत. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत नोकरीत असताना कायमचे पूर्ण दिव्यांगत्व आले, तर दहा वर्षांच्या सेवेची अट लागत नाही. अडचण इतकीच की बहुतेक माणसे आजारी पडल्यावर आधी राजीनामा देतात आणि मग चौकशी करतात. राजीनाम्यापूर्वी वैद्यकीय मंडळाची तपासणी करून घेणे हिताचे आहे.

कमावत्या मुलांनाही थोडी सूट मिळते. जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांग पालकांसाठी ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाला १,२५,००० रुपयांची वजावट आहे. खर्चाच्या पावत्यांची बेरीज तितकी भरलीच पाहिजे असे नाही, प्रमाणपत्र मात्र लागते. याशिवाय ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हा निधी मागणाऱ्याच्या पदरी पडतो, न मागणाऱ्याकडे सहसा येत नाही. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा, आणि घरात आधीपासून प्रमाणपत्र असेल तर त्यावरची मुदत आजच पाहून घ्यावी.